स्वस्त गिटारच्या पोटात

इलेक्ट्रिक गिटार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रंगमंच येतो, झगमगते दिवे येतात आणि मान झटकून वाजवणारा एखादा वादक येतो. त्या गिटारच्या पोटात काय असते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पुढची प्लॅस्टिकची पट्टी किंवा मागचे झाकण उघडून पाहिले तर आत फार काही सापडत नाही. चुंबकावर गुंडाळलेली तारेची दोन-तीन वेटोळी, आवाज कमी-जास्त करणारे दोन-तीन कंट्रोल, एखादा कंडेन्सर, एक खटका, एक सॉकेट आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वीतभर वायरी. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल. मलाही तसेच वाटले. मी गिटार वाजवत नाही, पण सोल्डरिंगचे काम बरीच वर्षे केले आहे, आणि या वाद्याकडे मी गेलो तो त्याच वाटेने.

हे सामान ओळखीचे वाटते याला कारण आहे. त्यातली बहुतेक वस्तू गिटारसाठी जन्मलेलीच नाही. कुठली टेलिफोनमधून आली, कुठली रेडिओमधून. आणि ज्यांनी ती गिटारमध्ये बसवली, त्यांच्यातले बरेच जण वादक नव्हते, दुरुस्तीवाले होते. स्वस्त गिटार विकत घ्यावी, तिच्या आतले सामान बदलावे आणि तिच्यातून चांगला आवाज काढावा, हा छंद आज जगभर चालतो. तो हौशी मुलांचा नवा उद्योग वाटतो खरा, पण या वाद्याचा सगळा इतिहासच त्या उद्योगाचा आहे.

सुरुवात मायकेल फॅरडेपासून करावी लागेल. १८३१ साली त्याने दाखवून दिले की, वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. गिटारमधला पिकअप याच नियमावर चालतो. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार कंप पावते, तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याच लयीत हलते आणि वेटोळ्यात त्याच लयीची अगदी क्षीण वीज उमटते. ती अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करायची. म्हणून या गिटारला नायलॉनच्या तारा चालत नाहीत. तार लोहाच्या जातीचीच हवी.

हे वाद्यात उतरायला मात्र शंभर वर्षे जावी लागली. १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप नावाच्या वादकाने घोड्याच्या नालासारखी चुंबके वापरून असा पिकअप तयार केला. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या मदतीने १९३२ मध्ये ते वाद्य बाजारात आले. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचे गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून लोक त्याला ‘तळणीचा तवा’ म्हणू लागले. ती गिटार हवाईयन पद्धतीची, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती, कारण अमेरिकेत तेव्हा हवाई बेटांच्या संगीताची लाट होती. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर इतरांनीही हाच मार्ग धरला होता. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ई.एस. १५० ही गिटार आणली आणि चार्ली ख्रिश्चन या तरुण जॅझ वादकाने १९३९ पासून तिच्यावर असे काही वाजवले की, मागे बसून ठेका धरणारी गिटार ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या पंगतीत येऊन बसली.

आपल्याकडेही वीज लावलेली गिटार आधी ओळखीची झाली ती हवाईयन रूपातच. व्हॅन शिपले यांनी या गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ज्यांनी रेडिओवर ऐकल्या असतील, त्यांना तो मधासारखा ओघळणारा स्वर आठवत असेल. उभी धरून वाजवायची इलेक्ट्रिक गिटार आपल्या घराघरांत शिरली ती नंतर, राहुल देव बर्मन यांच्या काळात.

आता या कथेतला खरा दुरुस्तीवाला येतो. त्याचे नाव लिओ फेंडर. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्याच्याकडे येत, आणि तो त्यांच्या तक्रारी नीट ऐकून घेई. पोकळ गिटार मोठ्या आवाजात शीळ घालू लागते, ही त्यांतली एक मोठी तक्रार. मग पोकळ पेटीच कशाला हवी? १९५० मध्ये त्याने सरळ लाकडी फळीची गिटार बाजारात आणली. तिचे नाव पुढे टेलिकास्टर झाले. १९५४ मध्ये तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर आली. या गिटारची मान शरीराला चिकटवलेली नव्हती, स्क्रूने जोडलेली होती. पिकअप, कंट्रोल, खटका, सगळे एका पट्टीवर बसवलेले. एखादा भाग बिघडला की तेवढाच काढून दुसरा लावायचा. हा विचार सुताराचा नव्हे, रेडिओवाल्याचा होता.

सामानही त्याने जे बाजारात तयार मिळत होते तेच घेतले. अशा गिटारमध्ये पुढे ज्या कंपनीचे कंट्रोल सर्रास वापरले गेले, आणि आजही स्वस्त गिटार सुधारताना लोक आवर्जून जे शोधतात, ते सी.टी.एस. कंपनीचे. या तीन अक्षरांचा मूळ अर्थ ‘शिकागो टेलिफोन सप्लाय’. ही कंपनी १८९६ ची, टेलिफोनचे सामान बनवणारी. केबल जिथे खुपसतो ते पाव इंची सॉकेट तर त्याहून जुने आहे. १८७८ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरने एका गिऱ्हाइकाची तार दुसऱ्याला जोडावी म्हणून ते निघाले. एक्स्चेंजमधून ते केव्हाच हद्दपार झाले, गिटारमध्ये मात्र अजून नांदते आहे. एक गंमत म्हणजे, जुन्या अमेरिकन कंट्रोलच्या पाठीवर कारखान्याचा क्रमांक, वर्ष आणि आठवडा यांचा आकडा ठोकलेला असतो. जुनी गिटार कधीची, असा वाद निघाला की जाणकार लाकूड पाहण्याआधी हा आकडा वाचतात.

कंपन्यांनी गिटार बनवली, पण तिचा आवाज पुष्कळदा वादकांनी आतले जोडकाम बदलून ठरवला. स्ट्रॅटोकास्टरचा खटका मुळात तीन जागांचा होता. एका वेळी एकच पिकअप वाजायचा. वादकांच्या लक्षात आले की, खटका दोन जागांच्या मध्ये अलगद अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि एक वेगळाच, किंचित पोकळ आणि गोड आवाज येतो. वर्षानुवर्षे लोक असा खटका अडकवत राहिले. अखेर १९७७ मध्ये कंपनीने स्वतःच पाच जागांचा खटका बसवला. म्हणजे गिऱ्हाइकाची युक्ती झाली कारखान्याची रीत.

दुसरी मोठी सुधारणा गुणगुणीविरुद्धची. एका वेटोळ्याचा पिकअप हा चांगला एरियलही असतो. घरातल्या विजेची गुणगुण, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांचे आवाज तो गोळा करतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने, तोही मूळचा रेडिओचाच माणूस, १९५५ मध्ये यावरच्या उपायाचे पेटंट मागितले. दोन वेटोळी शेजारी-शेजारी ठेवायची, त्यांचे वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकांचे ध्रुवही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलट-सुलट येऊन एकमेकीला खाऊन टाकते. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटा होऊन पुन्हा सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. पेटंट १९५९ मध्ये मिळाले. तोवरच्या पिकअपच्या खाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. आज त्या चिठ्ठीवाल्या जुन्या पिकअपसाठी लोक अख्ख्या नव्या गिटारपेक्षा जास्त पैसे मोजतात.

पिकअप सुटा विकत घ्यावा आणि आपल्या गिटारमध्ये बसवावा, हा धंदा उभा राहिला तो १९७० च्या दशकात. न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने १९७२ मध्ये असा पहिला गाजलेला पिकअप आणला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सेमूर डंकन यांची कंपनी सुरू झाली. त्याच सुमाराला एडी व्हॅन हेलन हा विशीतला मुलगा स्वस्तात मिळालेले लाकडी अंग आणि सुटी मान जोडून आपली गिटार बनवत होता. जुन्या गिब्सनचा पिकअप त्याने वितळलेल्या मेणात बुडवला, म्हणजे वेटोळ्याची तार थरथरून शीळ घालणार नाही. बाकीचे जोडकाम त्याला येत नव्हते, म्हणून त्याने एकच कंट्रोल ठेवला. १९७८ साली त्याची पहिली तबकडी निघाली आणि जगभरच्या मुलांना कळले की, मोडतोड करून जोडलेल्या गिटारमधूनही असा आवाज निघतो.

त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये एका बापलेकांनी हे केले होते. १९६३ मध्ये ब्रायन मे हा सोळा वर्षांचा मुलगा. महागडी अमेरिकन गिटार घेणे घरच्यांना परवडणारे नव्हते. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले. दोघांनी मिळून ती घरीच बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, शरीरासाठी जुन्या टेबलाचा तुकडा, तारा ताणणाऱ्या यंत्रणेत मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पिकअप तेवढे विकत आणले आणि तेही गोंदाने आतून भरून पक्के केले. प्रत्येक पिकअपला दोन-दोन खटके, एक चालू-बंद करायला आणि दुसरा त्याची दिशा उलटी करायला. काम सुमारे दोन वर्षे चालले. तीच गिटार पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात वाजली आणि २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही वाजली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे अनेकांना ठाऊक असेलच.

स्वस्त गिटारचा इतिहासही तेवढाच जुना आहे. अमेरिकेत सिअर्स कंपनीच्या टपालाने माल मागवायच्या कॅटलॉगात गिटार मिळत. त्यांच्यासाठी नेथन डॅनियल नावाचा कारखानदार हार्डबोर्डची गिटार बनवी. पिकअपला वेष्टण हवे, तर त्याने लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. स्वस्ताई साधली आणि धातूच्या आवरणामुळे पिकअपला संरक्षणही मिळाले. त्या डॅनलेक्ट्रो गिटार पुढे जिमी पेजसारख्या वादकांच्या हातात दिसल्या. १९६० च्या दशकात जपानी गिटार आल्या. सुरुवातीला लोक त्यांना हसत. १९८२ मध्ये मात्र फेंडर कंपनीनेच ‘स्क्वायर’ नावाने आपल्या स्वस्त गिटार जपानमध्ये बनवायला घेतल्या, आणि आज त्या जपानी गिटारना संग्राहकांची मागणी आहे. पुढे हे काम कोरियात, मग चीन आणि इंडोनेशियात गेले. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त गिटार या वाटेनेच आलेल्या असतात.

मग स्वस्त गिटारमध्ये नेमके स्वस्त काय असते? आमच्या शेजारच्या एका कॉलेजकुमाराने अशी गिटार आणून माझ्यापुढे ठेवली. “काका, खूप गुणगुणते. दुकानदार म्हणतो, वरची घे. विकून टाकू का?” मुलाने सुट्टीत काम करून पैसे साठवले होते. मी म्हटले, आधी उघडून तर पाहू.

लाकूड ठीक होते, मान सरळ होती. हे आधी पाहावे, कारण मान वाकलेली असेल तर आतल्या कुठल्याही वायरीने ती सरळ होत नाही. आतली स्थिती मात्र वेगळी होती. कंट्रोल अगदी लहान चणीचे, फिरवले की करकर करणारे. सॉकेटची पत्री इतकी सैल की केबल हलली की आवाज जाई. पिकअपमध्ये चुंबकाच्या सहा कांड्यांऐवजी लोखंडी खिळे आणि खाली चिकटवलेली एक साधी पट्टी. वायरी पातळ. आणि ज्या खोबणीत हे सगळे बसवलेले, तिला कसलेही आवरण नाही. पुलापासून येणाऱ्या अर्थच्या वायरीचा डाख तर सुटलेलाच होता.

आम्ही क्रमाने गेलो. प्रथम ती सुटलेली वायर पक्की केली. वादकाचे शरीर हेही एरियलच असते. तारांना हात लागला की ते अर्थला जोडले जाते आणि गुणगुण उतरते. अर्धे काम इथेच झाले. मग खोबणीला आणि पट्टीच्या मागच्या बाजूला तांब्याची चिकटपट्टी लावली आणि तीही अर्थला जोडली. बाहेरचा त्रास त्या तांब्याच्या डब्यातच अडतो. मग सॉकेट बदलले. मग कंट्रोल. आवाजाच्या कंट्रोलबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपला कान आवाज बेरजेने मोजत नाही, पटीने मोजतो. साधा, सरळ चढणारा कंट्रोल लावला तर बराच फिरवला तरी फरक जाणवत नाही आणि शेवटच्या थोड्याशा वळणात आवाज एकदम बुडतो. म्हणून कानाच्या हिशेबाने चढणारा कंट्रोल लावतात. तो २५० किलोओहमचा घ्यावा की ५०० चा, हे पिकअपवर ठरते. एका वेटोळ्याला बहुधा पहिला, दोन वेटोळ्यांच्याला दुसरा. मोठ्या आकड्याचा लावला तर वरचे तीक्ष्ण स्वर जास्त शिल्लक राहतात, छोट्या आकड्याचा लावला तर आवाज मवाळ होतो. आवाज कमी करताना तो मंद आणि कोंदट होऊ नये म्हणून कंट्रोलच्या दोन टोकांना एक चिमुकला कंडेन्सर जोडला. पिकअप सर्वांत शेवटी, आणि तेही त्याला हवेच असतील तर, असे सांगितले. पिकअप सोडून बाकी सगळा खर्च काही शे रुपयांत भागला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हिंडणाऱ्याला यातले बरेचसे सामान सहज मिळते.

या छंदात अंधश्रद्धाही कमी नाहीत. स्वराचा कंडेन्सर तीक्ष्ण आवाज अर्थकडे वाहून नेतो, एवढेच त्याचे काम. ०.०२२ मायक्रोफॅरडचा जुना, तेलकागदी, हजारो रुपयांचा कंडेन्सर आणि त्याच मोजमापाचा दहा रुपयांचा नवा, यांच्या कामात गिटारमध्ये कानाला कळावा असा फरक पडण्याचे कारण मला विद्युतशास्त्रात सापडत नाही. आकडा बदलला तर फरक पडतो, वय बदलल्याने नव्हे. दुकानदाराने जुन्या नावाचे पैसे मागितले तर हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मात्र पैशांपलीकडची आहे. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाचे हात केबलमधून थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेले असतात. तिथे अर्थिंग नसेल, किंवा माइकच्या यंत्रणेत बिघाड असेल, तर एक हात तारांवर आणि दुसरा हात किंवा ओठ माइकवर, एवढे पुरते. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक भर रंगमंचावर असाच गेला. मे १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. दोन्ही ठिकाणी दोष गिटारच्या किमतीचा नव्हता, अर्थिंगचा होता. आपल्याकडे मांडवात, गॅलरीतून ओढलेल्या वायरीवर, तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकून किती कार्यक्रम होतात ते आपण पाहतो. ऑर्केस्ट्रातल्या मुलांनी गिटारवर हजारो रुपये खर्च करण्याआधी कार्यक्रमाच्या जागी तिसऱ्या पिनेला अर्थ आहे का, हे टेस्टर आणि दिवा लावून इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. गुणगुण थांबवायला अर्थची वायर काढणे, हा उपाय तर कधीच करू नये.

शेजारच्या मुलाची गिटार आता गुणगुणत नाही. ती काही फार भारी झाली असे मी म्हणणार नाही. लाकूड तेच आहे, खुंट्या त्याच आहेत. पण ती विकायची नाही, हे त्याने ठरवले, आणि पुढचे पिकअप बदलायचे झाले तर स्वतःच बदलीन म्हणतो. त्यासाठी मी त्याला सोल्डरिंग शिकवतो आहे. आधी दोन्ही टोके तापवायची, मग डाख त्यांच्यावर आपोआप धावतो. थंड जागी लावलेला डाख वरून चकाकत नाही आणि आतून धरत नाही.

आजच्या बहुतेक वस्तू गोंदाने बंद करून येतात. उघडल्या की मोडतात. इलेक्ट्रिक गिटार मात्र १९५० पासून आजवर एका साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते, कारण एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ती तशी बनवून ठेवली. स्वस्त गिटारलाही तेच स्क्रू असतात. दुकानदार ‘वरची घ्या’ म्हणाला, तर आधी ते काढून पाहावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)